तऱ्हाळ्याचीं नाणीं व १८७८ चा कायदा

वऱ्हाडची काळी जमीन दोन प्रकारचें धन देते. एक धन दर सालीं वर येतें. त्याच्या गाड्या अकोल्याच्या व अमरावतीच्या बाजारांत उतरतात, त्याचा भाव पुकारला जातो, आणि वजनांत थोडी तूट आली तरी अडत्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांस ती कळते. दुसरें धन हजार-दोन हजार वर्षें जमिनींत निजलेलें असतें. नांगराच्या फाळास, विहिरीच्या खोदकामास किंवा पडक्या वाड्याच्या पायास तें अवचित लागतें. आणि तें कोणास मिळालें, किती मिळालें व कोठें गेलें, याची नोंद बहुधा कोणाच्याच वहींत होत नाहीं. कापसाच्या भावाविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. आज आम्हांस या दुसऱ्या धनाविषयीं लिहावयाचें आहे. कारण हें धन एकदां हातचें गेलें म्हणजे पुढच्या हंगामांत पुनः उगवत नाहीं.

मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा हें गांव पूर्वीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ सालीं वाशीम जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत आहे. या लहानशा गांवीं १९३९ सालीं सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. हीं नाणीं सोन्याचीं नव्हतीं, रुप्याचींही नव्हतीं. तांबें, कथील, शिसें अशा हलक्या धातूंच्या मिश्रणाचीं तीं होतीं. एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व त्याच्या भोंवतीं ब्राह्मी अक्षरें. दुसऱ्या बाजूस चार टोकांस चार वर्तुळें असलेलें, उज्जयिनीच्या नांवानें ओळखलें जाणारें चिन्ह. मोडीच्या भावानें विकलीं असतीं तर सर्वांचे मिळून एका बैलाचेही पैसे आले नसते. परंतु तीं नाणीं मुशींत न जातां नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांच्या नजरेखालीं गेलीं, आणि १९४० सालीं त्यांनीं त्यांचें विवेचन भारतीय मुद्रापरिषदेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यावरून काय कळलें? गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावि, यज्ञ सातकर्णी हे मोठे राजे तर त्यांत होतेच. ज्याचें नांव पुराणांतील वंशावळींत येतें त्या विजय सातकर्णीचीं नाणींही निघालीं, आणि पुराणांस हातचा पुरावा मिळाला. इतकेंच नव्हे, तर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी हीं अशीं नांवें निघालीं कीं जीं पुराणांच्या यादींत नाहींत. दक्षिणेंत सुमारें साडेचारशें वर्षें नांदलेल्या या घराण्याच्या उतरत्या काळाचा एक सबंध अध्याय वऱ्हाडच्या एका खेड्यानें जगास वाचून दाखविला.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण आमचा पुढील सर्व युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. हीं नाणीं पाडतांना ठसा मोठा व धातूची चकती लहान असे. त्यामुळें राजाचें पुरें नांव एका नाण्यावर क्वचितच उमटे. एकावर आरंभींचीं दोन अक्षरें, दुसऱ्यावर मधलीं तीन, तिसऱ्यावर शेवटचें एखादें. सुटें एक नाणें घेऊन कितीही मोठा पंडित बसला तरी तो हत्तीच्या पलीकडे फारसें कांहीं सांगूं शकणार नाहीं. पण शेंकडों नाणीं एकत्र असलीं म्हणजे एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघतें, अक्षराला अक्षर जुळतें आणि नांव उभें राहतें. शिवाय ठेव्यांतील सर्वांत शेवटचा राजा कोण, यावरून तो केव्हां पुरला असेल याचा अजमास लागतो. कोणतीं नाणीं अधिक झिजलेलीं आहेत, यावरून कोणतीं किती काळ चालत होतीं तें कळतें. खतावणीचीं पानें सुटीं करून गांवभर वांटलीं तर देणेंघेणें कोणास समजणार? ठेवा फुटला कीं इतिहास बुडाला, मग त्यांतील एकही नाणें वितळलें नसलें तरी!

याच प्रकारचा दुसरा मोठा दाखला नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी या गांवचा आहे. तेथें १९०६ सालीं क्षहरात राजा नहपान याच्या सव्वातेरा हजारांवर रुप्याच्या नाण्यांचा ठेवा सांपडला. त्यांपैकीं सुमारें नऊ हजार दोनशें सत्तर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुनः मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच विजेत्याचें चिन्ह! नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमीपुत्रानें क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचें लिहिलें आहे. पण राजस्तुतींत अतिशयोक्ति असावयाचीच, असें म्हणण्यास एरव्हीं जागा राहिली असती. जोगलटेंभीच्या रुप्यानें ती जागा ठेविली नाहीं. व्यापारी वर्गास तर यांतील मर्म अधिक कळेल. नव्या राजानें जुनें चलन बुडविलें नाहीं, लोकांच्या थैल्या रित्या केल्या नाहींत. त्याच रुप्यावर आपली मोहर मारून तें पुनः बाजारांत सोडलें. राज्यकर्ता बदलला म्हणून सावकाराचा व शेतकऱ्याचा पैसा बुडूं नये, ही जाण त्या काळच्या महाराष्ट्रांत होती, हें एका ठेव्यानें सिद्ध केलें.

आमच्या अमरावती जिल्ह्याचीही साक्ष येथें घेतली पाहिजे. धामोरी येथें कलचुरी राजा कृष्णराज याच्या रुप्याच्या लहान नाण्यांचा ठेवा निघाला. हा राजा इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला. त्याच्या नाण्यावर एका बाजूस त्याचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस नंदी असून, तो स्वतःस परममाहेश्वर म्हणवितो. हीं नाणीं राजस्थानापासून महाराष्ट्रापर्यंत व मुंबईच्या साष्टी बेटापासून आमच्या वऱ्हाडापर्यंत सांपडलीं आहेत, आणि इ. स. ७१० च्या सुमारास भोगशक्तीनें दिलेल्या अंजनेरीच्या ताम्रपटांतही कृष्णराजाच्या रूपकांचा उल्लेख आहे. म्हणजे राजा जाऊन दीडशें वर्षें होत आलीं तरी त्याच्या नाण्यावरचा लोकांचा विश्वास गेला नव्हता! कस चोख असला तर नाणें राज्याहून अधिक जगतें, हा धडा आजच्या अर्थमंत्र्यांनींही गिरवण्यासारखा आहे.

ताम्रपटांचेंही तेंच. चम्मक येथें १८६८ च्या सुमारास सांपडलेल्या पटांत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें भोजकट राज्यांतील एक गांव हजार ब्राह्मणांस दिल्याचें लिहिलें आहे. पण तें दान बिनशर्त नाहीं. राज्याचा द्रोह करूं नये, चोरी-व्यभिचार करूं नये, शस्त्र उचलूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. या अटी मोडल्यास राजानें दान परत घेतलें तर ती चोरी होणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यानें हा लेख मुद्दाम वाचावा. आणि ज्या १९३९ सालीं तऱ्हाळ्याचीं नाणीं निघालीं, त्याच सालीं वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला व वत्सगुल्म येथें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती हें प्रथमच निश्चित झालें. एका वर्षांत, एका जिल्ह्यांत, दोन शोध! यावरून वऱ्हाडची माती किती श्रीमंत आहे हें सांगावयास नको.

मग हें धन पुरलें कां गेलें? त्या काळीं पेढ्या सर्वांस सुलभ नव्हत्या. जमीन हीच गरिबाची तिजोरी. पण तिजोरींत ठेविलेलें माणूस केव्हां तरी काढतो. जो ठेवा आपणांस सांपडतो तो, ज्याला परत येणें झालें नाहीं त्या मनुष्याचा ठेवा होय. स्वारी आली, सांथ आली, दुष्काळ पडला, घरधनी परागंदा झाला किंवा जागा न सांगतां मेला. वऱ्हाडनें अशा वेळा थोड्या पाहिल्या नाहींत. १४९० च्या सुमारास अचलपुरास इमादशाही उभी राहिली. १५७४ सालीं ती अहमदनगरच्या निजामशाहीनें गिळली. १५९६ सालीं वऱ्हाड मोंगलांकडे गेला. पुढें निजाम व भोंसले यांच्या दुअमलींत रयतेस दोन धन्यांची चाकरी करावी लागली. त्यांत पेंढाऱ्यांच्या धाडी. आणि १८५३ सालीं निजामाच्या कर्जापायीं हा मुलूख इंग्रजांच्या हातीं पडला. राज्यकर्त्यांवरचा विश्वास उडाला म्हणजे पैसा जमिनींत जातो, हा सर्व देशांचा अनुभव आहे. तेव्हां प्रत्येक ठेवा हा नुसता पैसा नव्हे. तो कोण्या एका कुटुंबाच्या भयाचा पंचनामा आहे.

असा हा पुरावा आज हातीं आला तर त्याचें काय होतें? त्यास तीन वैरी आहेत. पहिला वैरी मांत्रिक. जमिनींतील धनावर नाग बसलेला असतो, त्यास बळी द्यावा लागतो, पायाळू माणसास तें दिसतें, अशा समजुतींवर या लोकांचा धंदा चालतो. त्यापायीं शेतें विकलीं गेलीं, देवळांच्या पायऱ्या व समाध्या रातोरात उकरल्या गेल्या, आणि निष्पाप मुलांच्या गळ्यापर्यंत सुरी गेली. महाराष्ट्रानें २०१३ सालीं नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध जो कायदा केला त्यांत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अघोरी कृत्यें स्पष्टपणें गुन्हा ठरविलीं असून, त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. हा कायदा होण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीं खून झाला, हें विसरतां येत नाहीं. वर ज्या ठेव्यांचा आम्हीं उल्लेख केला त्यांपैकीं एकही मंत्रानें निघालेला नाहीं. मांत्रिकाच्या नादीं लागून शेतें गेलीं, राजाचें नांव मात्र एकही सांपडलें नाहीं!

दुसरा वैरी मूस. सोन्यारुप्याचें नाणें मिळालें कीं तें रातोरात सोनाराकडे जातें आणि सकाळीं त्याचा गोळा होतो. हलक्या धातूचें असलें तर मोडवाल्याच्या तागडींत पडतें, किंवा चिंचेनें वा तेजाबानें घासून घासून त्यावरचीं अक्षरें पुसलीं जातात आणि मग हौशी गिऱ्हाइकास सुटें विकलें जातें. पण आमच्या मतें या दोघांहून मोठा तिसरा वैरी आहे, आणि तो म्हणजे कायद्याची भीति. ही भीति अडाणी माणसाची खुळी समजूत आहे असें म्हणून हात झटकतां येणार नाहीं. तिला आधार आहे, म्हणूनच कायदा काय आहे तें पाहिलें पाहिजे.

भूमिगत निधीचा कायदा १८७८ सालचा आहे. तो परकी सरकारानें केला व स्वराज्यांतही चालत आला. जमिनींत किंवा जमिनीस जोडलेल्या वस्तूंत, म्हणजे भिंतींतसुद्धां, दडविलेली कोणतीही मोलाची वस्तु म्हणजे निधि. त्याची किंमत दहा रुपयांवर असली तर सांपडणाऱ्यानें काय सांपडलें, किती, कोठें व केव्हां, हें कलेक्टरास लेखी कळवावें आणि निधि सरकारी तिजोरींत ठेवावा किंवा तो हजर करण्याबद्दल जामीन द्यावा. कलेक्टर जाहीरनामा लावतो. चार ते सहा महिन्यांच्या आंतील एक दिवस नेमून हक्क सांगणाऱ्यांस बोलावतो. शंभर वर्षांच्या आंत पुरलेल्या धनावर कोणी मालकी सांगितली तर दिवाणी कोर्टाचा रस्ता मोकळा ठेवला आहे. मालक नाहीं असें ठरलें, आणि जागेच्या मालकाशीं निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास. शहरांतले घरमालक व कंत्राटदार यांनीं हें कलम डोळे उघडून वाचावें. वाडा आमचा म्हणून मडकेंही सगळें आमचें, हा समज कायद्यास धरून नाहीं. उलट, जो कळविणार नाहीं त्याचा हिस्सा सरकारजमा होतो व त्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

येथपर्यंत कायदा एकंदरींत न्यायाचा आहे. खोट आहे ती पुढें. निधि सरकारास स्वतःकडे ठेवावयाचा असला, आणि इतिहासाच्या दृष्टीनें मोलाचा असला तर सरकारानें ठेवलाच पाहिजे, तेव्हां मोबदला किती? तर त्यांतील धातूची किंमत व त्यावर पांचवा हिस्सा, बस्स! शंभर रुपयांचें रुपें असलें तर एकशें वीस रुपये. मग त्यावर विजेत्याचा ठसा असो कीं अज्ञात राजाचें नांव असो. कायद्याच्या कांट्यास अक्षरांचें वजन नाहीं. तऱ्हाळ्याच्या नाण्यांस हा नियम लावून पाहा. कथील-तांब्याचा मोडीचा भाव, अधिक पांचवा हिस्सा! ज्या ठेव्यानें राजांचीं नांवें दिलीं त्याचा मोबदला एका जेवणावळीच्या भांड्यांइतका. आणि याच नाण्याच्या एका चांगल्या प्रतीस हौशी संग्राहक किती देतो हें शेतकऱ्याच्या कानीं गेल्याशिवाय राहत नाहीं. एकीकडे कचेरीच्या खेपा, सहा महिन्यांची वाट व धातूचा भाव. दुसरीकडे अंधारांत रोख पैसा. प्रामाणिक मनुष्यास तोटा व लबाडास नफा, अशी ज्याची रचना तो कायदा पुराव्याचें रक्षण करीत नाहीं, त्याचा नाश घडवून आणतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें परवान्याशिवाय विक्री व परदेशीं निर्यात यांस बंदी केली, हें योग्यच झालें. पण तो कायदा दाराशीं पहारा बसवितो, शेतांतल्या माणसास दारापर्यंत यावेंसें वाटावें असें कांहीं करीत नाहीं.

ज्या इंग्रजांनीं हा १८७८ चा कायदा आम्हांस दिला त्यांनीं आपल्या घरीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं १९९६ सालीं नवा कायदा केला. तीनशें वर्षांहून जुन्या एकत्र सांपडलेल्या नाण्यांची खबर चौदा दिवसांत द्यावी लागते. हलक्या धातूचीं असलीं तरी दहा नाणीं एकत्र सांपडलीं म्हणजे तीं निधीच गणलीं जातात. आणि संग्रहालयानें ठेवा घेतला तर एका स्वतंत्र समितीनें बाजारभावानें ठरविलेली पुरी किंमत सांपडणारा व जागेचा मालक यांस मिळते. जो दुसऱ्याच्या शेतांत चोरून खोदतो त्याचें बक्षीस कमी होतें किंवा मुळींच मिळत नाहीं. त्यांनीं आपल्यासाठीं सुधारलें, आम्ही मात्र त्यांनीं टाकलेल्या जुन्या मापानेंच मोजत बसलों आहों!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, पुरी किंमत दिली तर लोक शेतें उकरीत सुटतील. पण आज उकरीत नाहींत काय? आज उकरणारा चोर आहे व त्यास कोणी विचारीत नाहीं. सहज सांपडलेलें न हलवितां जो कळवील त्यासच बक्षीस, आणि यंत्रें घेऊन जुन्या पांढरीच्या टेकाडांवर फिरणाऱ्यास शिक्षा, असा भेद केला कीं हा आक्षेप उरत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वऱ्हाडचा शेतकरी कर्जापायीं जीव देत असतां दोन हजार वर्षांपूर्वींच्या राजांची उठाठेव कशाला? आम्ही म्हणतों, त्या शेतकऱ्यासाठींच हा प्रश्न आहे. ज्याच्या घरीं पेरणीस पैसा नाहीं त्याच्या नांगरास ठेवा लागला, तर देशाचा इतिहास व मुलांचें पोट यांतून एक निवड, असें त्यास सांगणें हा निर्दयपणा आहे. दोन्ही त्यास मिळावींत एवढेंच आमचें मागणें आहे. इतिहासाचा खर्च सर्व समाजानें सोसावा, एकट्या दरिद्र्यानें नव्हे.

तेव्हां काय करावें? पहिली गोष्ट, धातूच्या किंमतीचें कलम रद्द करून तज्ज्ञांच्या समितीनें ठरविलेली ऐतिहासिक किंमत द्यावी, आणि ती देण्यास मुदत घालावी. दुसरी, खबर देणाऱ्यास त्याच दिवशीं नाण्यांची संख्या व वजन लिहिलेली पावती मिळावी. त्याच्याशीं आरोपीसारखें वागूं नये. तिसरी, ठेवा फोडूं नये. तो एकत्र राहावा, आणि एका वर्षाच्या आंत त्याची छायाचित्रांसह यादी मराठींत प्रसिद्ध व्हावी. नागपूरच्या संग्रहालयास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या जिल्ह्यांत ठेवा सांपडला तेथील मुलांस निदान त्याचे ठसे तरी पाहावयास मिळावेत. चौथी, तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांस या कायद्याची माहिती द्यावी. गांवांत पहिली कुणकुण त्यांच्याच कानीं जाते.

सरकारानें करावयाचें तें सरकारानें करावें. पण आमचे वाचक हातावर हात ठेवून बसण्यास मोकळे आहेत असें नव्हे. सराफ-सोनारांच्या मंडळींनीं आपसांत ठराव करावा कीं अनोळखी अक्षरांचें जुनें नाणें मुशींत घालावयाचें नाहीं. मोडीच्या व्यापाऱ्यांनीं शिशाच्या ढिगांत हत्ती दिसला तर हात आंवरावा. वाडा पाडणाऱ्या मालकांनीं मजुरास दम देण्याऐवजीं त्याच्यासह कलेक्टरकडे जावें. आणि आमच्या वकीलबंधूंनीं अशा माणसाचा अर्ज फी न घेतां लिहून द्यावा. त्या अर्जाच्या एका कागदावर कदाचित् एका राजघराण्याचें नांव अवलंबून असेल. नाणें घासूं नये, वाटूं नये, जागेची खूण मोडूं नये. एवढ्या तीन गोष्टी शेतांतल्या पोरासही पाठ येण्यासारख्या आहेत.

आमचा इतिहास परक्यांनीं लिहिला, अशी तक्रार आम्ही शंभर वर्षें करीत आलों. ती खरीही आहे. पण आतां लेखणी आमच्या हातांत आहे, सरकार आमचें आहे आणि जमीनही आमचीच आहे. यापुढें इतिहासाचीं पानें मुशींत गेलीं तर त्याचा दोष कोणत्या परक्याच्या माथीं मारावयाचा?